तारेचं दुसरं टोक

तुमचा यावर विश्वास बसणार नाही. माझ्या डोक्याला, डाव्या कानाच्या वर चार बोटांवर, एक भोक आहे आणि त्या भोकातून एका शुक्रवारी माझे दोन महिने बाहेर काढून बाटलीत भरले होते. बाटली मी स्वतः पाहिली. रंग म्हणाल तर ट्रान्सफॉर्मरमधल्या जुन्या तेलासारखा. चाचपून बघायचं असेल तर बघा, डॉक्टर माणसांनी लाजून कसं चालेल. आणि दुसरी गोष्ट, जिच्यावर तर मुळीच बसणार नाही : त्या दोन महिन्यांत मी वार विसरलो, साल विसरलो, आमच्या घराची गल्ली विसरलो, पण माझ्या बायकोला एक क्षणही विसरलो नाही.

हे मी दरवर्षी याच शब्दांत सांगतो. श्रावणाच्या आसपास मिरजेहून दवाखान्याची गाडी आमच्या जयसिंगपूरच्या घरासमोर थांबते आणि तिच्यातून दोघे-तिघे तरुण डॉक्टर उतरतात. डॉक्टर म्हणजे पुरते डॉक्टर, मोठी पदवी झालेले. वर आणखी दोन वर्षं शिकतात, नुसतं म्हाताऱ्या माणसांचं. फेलोशिप म्हणतात त्याला. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा म्हटलं होतं, यात शिकायचं काय, नुसतं थांबलं तरी माणूस म्हातारं होतंय की.

तर ते येतात, आमच्या मोरीचा उंबरा बघतात, पायपुसणं सरकतंय का बघतात, पद्माच्या गोळ्यांचा डबा पलंगावर उपडा करतात. पद्मा म्हणजे माझी बायको, पद्मावती. मग ते पोहे खातात आणि मी गोष्ट सांगतो. त्यांना पाठवते ती डॉक्टर नाझनीन मुजावर. आता ती त्या विभागाची प्रमुख आहे, पण ही गोष्ट घडली तेव्हा ती स्वतःच फेलोशिपला होती, पहिल्या वर्षाला. मी बहात्तरचा होतो. त्याला बारा वर्षं झाली.

या वर्षी तिघं आले. दोन मुलगे आणि एक मुलगी. मुलीच्या मांडीवर वही होती. मी खुर्ची जरा पुढं ओढली आणि सुरू केलं.

मी अण्णाप्पा चौगुले. वीज मंडळात चौतीस वर्षं लाइनमन. पावसात चढलो, वादळात चढलो, एकदा तर खांबाच्या टोकाला मधमाश्यांचं मोहोळ असताना चढलो आणि मध घेऊन उतरलो. पण चौतीस वर्षांत खांबावरून एकदाही पडलो नाही. बाकीचं सोडा, हे एवढं खरं आहे, कुणालाही विचारा.

तर त्या वर्षी संक्रांतीनंतर माझ्या डोक्यात लोडशेडिंग सुरू झालं. दुसरा शब्द नाही. कधी लख्ख उजेड असायचा, गल्लीतल्या पोरांना हसवून लोळवायचो. आणि कधी खट्कन जायची. दारात उभा राहायचो आणि बाहेर निघालोय की आत, ते कळायचं नाही. चहात मीठ घातलं. स्वतःच्याच घराची बेल वाजवून चौगुले आहेत का विचारलं. आणि उजव्या पायातली चप्पल कधी निसटायची ते मला कळायचं नाही. पद्मा मागून ती उचलत यायची.

मुलगा सुकुमार बेंगळूरला. तो आला, त्यानं मला मिरजेला नेलं. तिथले मोठे डॉक्टर गद्रे. अतिशय नावाजलेला माणूस, बोलणं मोजकं. मागच्या दिवाळीत मला चक्कर आली होती तेव्हा डोक्याचा फोटो काढला होता, तो त्यांनी उजेडात धरला. ठीक होता. पडलाबिडला होता का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, मी? चौतीस वर्षांत नाही. पद्मानंही शपथेवर सांगितलं की हे पडलेले नाहीत. मग गद्रे सुकुमारला म्हणाले की हा विस्मरणाचा आजार दिसतोय, वाढत जाईल, तयारी ठेवा. आठवडाभर वॉर्डात ठेवू, सगळं तपासू, आणि शनिवारी लिहून देतो.

सुकुमारनं तयारी ठेवली. वाईट मुलगा नाही तो, हे आधी सांगतो. पण तिसऱ्या मजल्यावर त्याची दोन खोल्यांची जागा. त्यानं पुण्याच्या एका संस्थेत माझं नाव घातलं, जिथं असल्या म्हाताऱ्यांना सांभाळतात, आणि आईला बेंगळूरला न्यायचं ठरवलं. गद्र्यांचा कागद शनिवारी मिळाला की सोमवारी मी पुण्याला, ती बेंगळूरला आणि घराला कुलूप. सत्तेचाळीस वर्षांत आम्ही दोघं वेगळे राहिलो ते फक्त तिच्या बाळंतपणांत.  पद्मा दवाखान्यात रोज माझा टॉवेल धुवायची आणि खिडकीत वाळत घालायची, एवढंच.

अशा वेळी ही नाझनीन माझ्या खाटेपाशी आली. केस करकचून बांधलेले, गळ्यात ती नळी आणि हातात शाळकरी वही. म्हणाली, "आजोबा, मी तीन शब्द सांगते, लक्षात ठेवा. लिंबू, किल्ली, झेंडा. थोड्या वेळानं विचारीन."

मग तिनं मला घड्याळ काढायला लावलं. मी गोल काढला आणि सगळे आकडे एकाच बाजूला आले, डावीकडं, जत्रेत पाळण्याला रांग लागावी तसे. मग म्हणाली, खुर्चीतून उठा, त्या पट्टीपर्यंत चाला, वळा, परत येऊन बसा. मी चाललो. चप्पल पट्टीपाशी राहिली. तिनं ती उचलून माझ्या पायात घातली आणि वहीत काहीतरी लिहिलं. मग म्हणाली, "आता सांगा, मघाचे तीन शब्द कोणते?"

शब्द कुठले सापडायला. पण हरणं माझ्या स्वभावात नाही. मी म्हटलं, "डॉक्टरीण, शब्दांचं काय घेऊन बसलीस. तुला आंबा घाटातल्या बिबट्याची गोष्ट सांगतो."

आणि सांगितली. मी खांबावर, खाली बिबट्या. मी त्याला डब्यातली भाकरी टाकली, ती त्यानं हुंगून सोडली, भाजी मागितली. मग मी कंबरेला तार बांधली आणि तारेवरून घसरत थेट साखरप्यात उतरलो, ते एका दगडावर, आणि इथं, डाव्या कानाच्या वर, असं लागलं म्हणता.

दुसरा कुणी उठून गेला असता. ती बसली. दुसऱ्या दिवशी परत तीन शब्द, परत ते गेलेले. मी तिला कृष्णेच्या पुराची गोष्ट सांगितली, ज्यात मी तारेनं म्हैस बांधून ओढली आणि म्हैस मलाच घेऊन घाटाच्या दगडावर आदळली. तिसऱ्या दिवशी मंत्र्याच्या हेलिकॉप्टरची. एका दिवसात चार-चार झाल्या. बाजूच्या खाटेवरचे गुरुजी पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचे.

गद्र्यांच्या कानावर ते गेलंच. बुधवारी राउंडला ते माझ्या पायथ्याशी उभे राहिले आणि तिला म्हणाले, "डॉक्टर मुजावर, एका रुग्णावर तुमचे रोज दोन तास जातात. माहिती घ्या. गोष्टी घेऊ नका."

तिची मान खाली गेली. पहिलंच वर्ष, आणि तिच्या कामाचा शेरा गद्रेच लिहिणार. मला वाटलं, आता ही यायची नाही.

संध्याकाळी आली. म्हणाली, "आजोबा, उद्या आपण तुमच्या घरी जायचं. आमच्यात तशी रीत आहे. माणूस ज्या घरात राहतो ते घर बघितल्याशिवाय आम्ही त्याच्याबद्दल काही लिहीत नाही."

मी म्हटलं, "बघून काय करणार? कुलूपच लागायचंय त्याला."

ती म्हणाली, "लागलेलं नाही अजून."

गुरुवारी दुपारी दवाखान्याच्या गाडीतून आम्ही तिघं आलो, ती, पद्मा आणि मी. तो दिवस उजेडाचा होता. घराची गल्ली मी ड्रायव्हरला स्वतः दाखवली. तिनं घर असं तपासलं की घरपट्टीवाल्यानंही तपासलं नसतं. मोरी, उंबरा, पलंगाची उंची. कपाटातल्या जुन्या औषधांच्या बाटल्या. मग मागचं दार उघडून परसात गेली आणि तिथंच उभी राहिली. 

आमच्या परसात कपडे वाळत घालायची तार आहे. म्हणजे तेव्हा अर्धीच होती. एक टोक शेवग्याच्या बुंध्याला बांधलेलं, असं की चार पीळ एकावर एक, कापलेलं टोक आत वळवलेलं. लाइनमनचीच गाठ ती, दुसऱ्या कुणाला यायची नाही. दुसरं टोक भिंतीतल्या कडीपर्यंत पोचलेलंच नव्हतं. खाली लोंबत होतं, गंजायला लागलेलं. कडीखाली प्लॅस्टिकचं स्टूल, आडवं पडलेलं. आणि स्टुलाच्या शेजारी धुणं धुवायचा दगड.

पद्मा म्हणाली, "ते तसंच पडलंय बघा. जुनी तार तुटली, नवी बांधून द्या म्हणून आठ दिवस मागं लागले होते ह्यांच्या. चढू नका म्हटलं, वायरमनच्या पोराला बोलवा म्हटलं. मी बस्तीतनं देवदर्शन करून आले तर हे अर्धवट टाकून आत झोपलेले. मग इसरलेच असतील."

नाझनीननं वही उघडली. मी तोवर समजत होतो की ती आपली शिष्टाचार म्हणून लिहितेय. तिनं वही माझ्यासमोर धरली. पानभर रेघा मारून रकाने केलेले. चौदा ओळी, माझ्या चौदा गोष्टी. पहिल्या रकान्यात गाव, दुसऱ्यात जनावर किंवा मंत्री, जे असेल ते. ते सगळे वेगवेगळे. मग पुढचे तीन रकाने. त्यात पहिल्या ओळीपासून चौदाव्यापर्यंत एकच : तार. दगड. डाव्या कानाच्या वर.

ते पान अजून माझ्याकडं आहे. तिनं नंतर काच लावून दिलंय. ते बघा, घड्याळाच्या खाली.

तिनं मला विचारलं, "आजोबा, दुसरं टोक बांधायचं कसं राहिलं?"

मी म्हटलं, "त्याचं असं झालं, डॉक्टरीण, एक गरुड आला, एवढा मोठा…"

 तिनं अडवलं नाही. फक्त स्टूल उचलून सरळ ठेवलं, कडीखाली, दगडाच्या शेजारी. आणि मी त्या स्टुलाकडं बघितलं. माझ्या गुडघ्याएवढंही नव्हतं ते.

मी म्हटलं, "दीड फूट. फक्त दीडच फूट होतं गं."

मग सांगितलं. पद्मा बस्तीत गेली होती. ती यायच्या आत बांधून टाकावं, तिनं येऊन बघावं आणि आपण काही न बोलता पेपर वाचत बसावं, असं मनात होतं. एक टोक झालं. दुसऱ्याला हात वर केला आणि स्टुलाचा पाय सरकला. दगड लागला. रक्त आलं नाही, नुसतं टेंगूळ. उठलो, आत जाऊन पडलो. चौतीस वर्षं ज्यानं अकरा हजार व्होल्टच्या खांबावर बसून शेंगा खाल्ल्या, तो माणूस धुण्याची तार बांधताना पडला, हे कुणाला सांगायचं? बायकोला? तिनं चढू नका म्हटलं होतं.

पद्मा पायरीवर बसली. पदर तोंडाशी धरला होता. हसत होती की काय ते मला दिसलं नाही.

नाझनीन मला म्हणाली, "आजोबा, खोटं तुम्ही सांगितलंत, पण तुमचं डोकं खरं सांगत होतं. आता चला लवकर."

मिरजेला पोचलो तेव्हा गद्रे घरी निघायच्या बेतात होते, गाडीची किल्ली हातात. ही त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. मी चाकाच्या खुर्चीत, मागं.  म्हणाली, सर, ते पडले होते, दोन महिन्यांपूर्वी, डोक्यावर. दिवाळीतला फोटो त्याच्या आधीचा आहे. उजवा पाय त्यांना कळत नाही, म्हणजे डावीकडं काहीतरी आहे. आणि वही पुढं केली.

गद्र्यांनी पान वाचलं. उभ्याउभ्याच, वरपासून खालपर्यंत. आंबा घाटापाशी त्यांच्या मिशा हलल्या. मग म्हणाले, "मी तुम्हाला सांगितलं होतं, गोष्टी घेऊ नका."

ती म्हणाली, "हो, सर."

"चुकीचं सांगितलं होतं." मग त्यांनी किल्ली खिशात टाकली आणि फोटोच्या खोलीत फोन लावला.

फोटोत निघालं. कवटीच्या आत, डावीकडं, जुनं रक्त साचलं होतं. टेंगूळ बाहेरून बसलं, आतून थेंबथेंब चालूच. तेच मेंदूला कोपऱ्यात दाबून बसलं होतं. विस्मरणाचा आजार नव्हताच तो. शुक्रवारी सकाळी एक भोक पाडलं, पोरांच्या गोटीएवढं, आणि दोन महिने बाटलीत.

शनिवारी सुकुमार बेंगळूरहून परत आला तो सही घ्यायला. गद्र्यांनी त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं, स्वतःची चूक पहिल्यांदा. तो पुण्याचा कागद सुकुमारनं तिथंच फाडला आणि आईच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला, चाळीस वर्षांचा बाप्या. नाझनीनच्या शेऱ्यात गद्र्यांनी काय लिहिलं ते मला कळलं नाही, पण ती आज त्यांच्या खुर्चीत बसते. आणि तुम्हाला घरं बघायला पाठवते.

आता शेवटचं ऐका. शुक्रवारी दुपारी मी शुद्धीवर आलो. डोक्याला हे एवढं फडकं. भोवती गद्रे, नाझनीन, दोन सिस्टर. गद्र्यांनी पद्माकडं बोट करून विचारलं, आजोबा, या कोण? मी म्हटलं, डॉक्टर, प्रश्न तरी अवघड विचारा. ही पद्मावती, आडनाव चौगुले, माहेरचं मगदूम, उगार खुर्दची. हिला मी अंधारात नुसत्या बांगड्यांवरून ओळखतो. दोन महिन्यांत सगळं विसरलो असेन, हिला नाही. एक क्षणही नाही. मग मी तिला म्हटलं, पद्मा, चहा टाक. आणि अख्खा वॉर्ड टाळ्या वाजवायला लागला.

दरवर्षी इथं तरुण डॉक्टरही टाळ्या वाजवतात. या वर्षीही दोघा मुलग्यांनी वाजवल्या. पद्मा दारात उभी होती, रिकाम्या बश्या गोळा करायला आलेली. नेहमी ती या जागी नुसती मान हलवते आणि आत जाते.

वहीवाली मुलगी मात्र लिहायची थांबली. तिनं माझ्याकडं नाही, पद्माकडं बघितलं. "आजी, तुमच्याकडून ऐकायचंय. तेव्हा काय झालं?"

मी म्हटलं, "तिला काय विचारतेस, मी सांगतो की…"

"आजोबा, आम्हाला मॅडमनी शिकवलंय. आजीचं आजोबांना सांगू द्यायचं नाही."

बारा वर्षांत इतकी पोरं आली, पोहे खाऊन गेली, पण तिला कुणी विचारलं नव्हतं. पद्मानं बश्या टेबलावर ठेवल्या. एकावर एक, नीट.

"खोटं," ती म्हणाली.

मी खुर्चीत मागं सरकलो.

"चहा मागितला, ते खरं. नाव घेतलं, ते बी खरं. पण ते आपरेशननंतर. आदल्या सांजेला फोटो काढून आणलं ह्यांना, मी खाटेपाशी बसले होते, ह्यांचा हात हातात घेऊन. लई वेळ माझ्याकडं बघत बसले." ती माझ्याकडं वळली. "तुमाला हे मी कधी सांगितलं न्हाई. तुमी हात काढून घेतलासा. म्हणालासा, बाई, तुमी लई चांगल्या हायसा, पण आता आपल्या घरी जावा. माझी पद्मा यायची वेळ झाली. तिनं असं बघितलं तर तिला वाईट वाटंल."

मुलीनं वही मिटली.

"मग तुम्ही काय केलंत, आजी?"

"काय करणार? म्हटलं, येऊ द्या तिला. ती येईपर्यंत बसते."